स्विचवरचा विचर ३: चित्र पुसट, पण गेम अख्खा
पीसीवर विचर ३ हा फँटसी गेम दोनदा संपवलाय, त्यामुळे निन्टेन्डोच्या स्विच या कन्सोलवर सुरू केला तेव्हा पहिला तासभर नजर नुसती फरकच शोधत होती. आणि ते दिसतात. डॉक केलं, म्हणजे स्टँडमध्ये ठेवून टीव्हीला जोडलं, की रिझोल्यूशन जास्तीत जास्त ७२०पी, हातात धरलं की ५४०पी, तेही डायनॅमिक म्हणजे स्क्रीनवर गर्दी झाली की अजून खाली, मग लांबची झाडं पुसट, गवत विरळ. फ्रेमरेट सेकंदाला ३० फ्रेम, माळावर घोडा पळवताना टिकतो पण नॉव्हिग्रॅड शहराच्या गल्ल्यांमध्ये आणि क्रुकबॅक बॉगच्या दलदलीत घसरतो. मोठ्या टीव्हीवर हे जास्तच खुपतं, त्यामुळे डॉक करून खेळू नका असं माझं स्पष्ट मत.

पण अंथरुणात पडून हातात घेऊन खेळा ना, तेवढ्या छोट्या स्क्रीनवर गेममधल्या टूसाँ प्रदेशाचं ऊन इतकं भारी दिसतं की रिझोल्यूशन विसरायला होतं! २०१९ मध्ये सेबर इंटरॅक्टिव्हच्या टीमने दोन्ही एक्स्पान्शनसकट (नंतर आलेल्या जादा कथा) सगळं ३२ जीबीच्या कार्ट्रिजमध्ये बसवलं, कथेला कुठेही कात्री नाही, खरंच हॅट्स ऑफ. अपडेट मात्र नक्की टाका, ३.६ आवृत्तीपासून पीसीचा सेव्ह (कुठवर खेळलोय त्याची नोंद) इकडे आणता येतो आणि मोशन ब्लरही (हालचालीत चित्र धूसर करणारा इफेक्ट) बंद करता येतो, मी तो लगेच बंद केला.