बादली घरातच होती

गेल्या रविवारी इचलकरंजीहून साडूंचा फोन आला. त्यांच्या शेजाऱ्यांना बंगल्यामागं तळं आणि धबधबा करून घ्यायचाय. माणूस ठरल्यात जमा आहे, त्यानं जुन्या कामाचे फोटो पाठवलेत, तुम्ही यातून गेलाय तर एकदा नजर टाका, म्हणाले. फोटो उघडला आणि पोटात गोळाच आला. तोच धबधबा, आणि त्याच्यामागं तेच लालभडक पानांचं झाड. हाच फोटो 2023 च्या फेब्रुवारीत मी माझ्या परसात, चहाचा कप हातात धरून, डोळे भरून बघितला होता. म्हणून हे लिहायला बसलो, नाहीतर स्वतःच्या बावळटपणाची दवंडी कोण पिटतं?

मी कोण ते आधी सांगतो, म्हणजे बावळटपणाची खोली कळेल. कोल्हापूरजवळ शिरोलीच्या एका फाउंड्रीत मी 31 वर्षं स्टोअर सांभाळलं. पिग आयर्न असो, कोक असो की साधे नटबोल्ट, वजनकाट्यावर चढल्याशिवाय किंवा मोजून झाल्याशिवाय माल आत घेतला नाही. चलनावर 500 नग आणि पोत्यात 498 निघाले तर ड्रायव्हरला थांबवून ठेवायचो. ट्रान्सपोर्टवाले मला मागं ‘काटा’ म्हणायचे. त्याच काट्यानं घरी मात्र एकही वस्तू मोजली नाही.

कळंब्याच्या बाजूला आमचं घर. मागं परसात 12 बाय 8 फुटांचं सिमेंटचं तळं मी स्वतः गवंडी हाताशी घेऊन केलेलं. मध्यभागी अडीच फूट खोल, कडेला उतरतं, म्हणजे पाणी साडेपाच हजार लिटरच्या आसपास. मागच्या भिंतीला काळे दगड रचून पाच फुटांचा धबधबा. चौदा मासे, त्यातले चार कोई, म्हणजे ते मोठे होणारे रंगीत जपानी मासे. (कोईला खरं तर चार फूट खोली लागते हे नंतर कळलं. तेव्हा दुकानदारानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.) पाच-सहा वर्षांत सिमेंटला तडे गेले, पाणी मटाराच्या सारासारखं हिरवं झालं आणि एका नर्सरीत मला हा गडी भेटला.

गडी बोलायला गोड. नाव घेत नाही, तसंही त्यानं सांगितलेलं नाव खरं होतं का, याचीच शंका आहे. दुसऱ्या दिवशी घरी हजर. आल्या आल्या चप्पल काढून तळ्याच्या कडेला उकिडवा बसला, ओंजळीत पाणी घेऊन वास घेतला आणि मान हलवली. डॉक्टरनं नाडी बघावी तशी. “काका, तळं आजारी हाय तुमचं.” मग मोबाईल काढला. हे राधानगरीकडच्या रिसॉर्टचं काम, हे पन्हाळ्याच्या बंगल्यातलं. तो लाल झाडाचा फोटो राधानगरीचा म्हणून दाखवला. अहो, राधानगरीच्या जंगलात मी उभा जन्म फिरलोय. अंजनी बघितली, जांभळ बघितली, पळस फुललेला बघितला, पण हाताच्या पंजासारखी लाल पानं असलेलं झाड त्या डोंगरात कुठं? पण मी पाणी बघत होतो, झाडाकडं माझं लक्षच नव्हतं. पुढं भाच्यानं तोच फोटो मोबाईलवर शोधून दाखवला. कुठल्या तरी परदेशी बागेचा निघाला, डझनभर ठिकाणी टाकलेला.

त्यानं कोटेशन दिलं 96,000 रुपयांचं. त्यात जपानी ईपीडीएम रबराचं लायनर, म्हणजे पाणी गळू नये म्हणून तळ्यात अंथरायचा पडदा, 480 चौरस फूट, दर 95, म्हणजे 45,600. दगडकाम आणि मजुरी 28,000. पंप, फिल्टर आणि शेवाळ मारणारा यूव्ही दिवा 22,400. शिवाय वर्षाची देखभाल 15,000, आगाऊ. पहिले 60,000 यूपीआयनं दिले. नाव दुसरंच आलं म्हणून विचारलं, तर “मेव्हण्याचं खातं हाय काका, माझं केवायसीला अडकलंय.” पावती वहीच्या पानावर, जीएसटी नंबर नाही. नोकरीत असतो तर असली पावती फाडून त्याच्या हातात दिली असती.

आता तो 480 चा आकडा बघा. लायनरचं माप काढायला इंजिनिअर लागत नाही. लांबीत दोनदा खोली मिळवायची आणि दोन्ही कडांना एकेक फूट धरायचा. 12 अधिक 5 अधिक 2 म्हणजे 19. रुंदीचं तसंच, 15. एकोणीस पंधरे 285. धबधब्याच्या पायऱ्यांखाली घालायला आणखी 35 धरा. झाले 320. जास्तीच्या 160 चौरस फुटांचे 15,200 रुपये मी एका गुणाकाराच्या आळसापायी दिले, आणि हा गुणाकार मी मुलांना तोंडी करायला लावायचो.

काम चार दिवसांत उरकलं. दोन पोरं राबत होती, हा गाडीला टेकून फोनवर. लायनर अंथरलं तेव्हा मी भाचीच्या साखरपुड्याला सांगलीला होतो. मुहूर्त मी काढला नव्हता, पण त्यानं बरोबर साधला. परत आलो तर सगळ्या कडा दगड आणि सिमेंटखाली गाडलेल्या. दिसत होतं ते फक्त काळं तुळतुळीत अंग, त्यावर स्वच्छ पाणी आणि वरून पडणारी धार. आमच्या हिनं आरती ओवाळायचीच बाकी ठेवली होती.

पंधरा दिवसांत पाणी कमी व्हायला लागलं. रोज दोन-दोन इंच. फोन केला तर म्हणाला, “उन्हाळा हाय काका, वाफ व्हायलीय.” पटलं, कारण मार्चचं ऊन होतं. मी रोज नळीनं पाणी भरायला लागलो. महिनाभर भरलं. पाणी परत हिरवं दिसायला लागलं तेव्हा तो देखभालीच्या पहिल्या फेरीला आला आणि पिशवीतून काहीतरी काढून बादलीत कालवून तळ्यात ओतलं. “जपानी बॅक्टेरिया. तीन दिवसांत काच होतीया बघा. आणि रात्री पंप बंद ठेवत जावा, बिल वाचतंय.”

तिसऱ्या दिवशी खरंच काच झाली. तळाचा गोटान् गोटा दिसत होता. शेजारच्या वहिनींना बोलावून दाखवलं. संध्याकाळी मासे पाण्यावर तोंडं काढून आ वासत होते. मला वाटलं, खायला मागतायत. मूठभर खाद्य टाकून वर आलो आणि त्यानं सांगितल्याप्रमाणं पंप बंद केला. सकाळी सहाला अकरा मासे पालथे.

त्याला फोन लावला, तर म्हणाला, नळाच्या पाण्यातल्या क्लोरिननं मेले. तेवढ्यात ही आतून आली. त्यानं कालवलेली बादली घासत होती. तळाला निळी कड बसली होती, घासून जात नव्हती. हिचं माहेर तासगावचं, द्राक्षाचं. “हे मोरचूद आहे. आमच्या बागेत बोर्डो करायला अण्णा हेच भिजवायचे. बॅक्टेरिया कसले घेऊन बसलाय?”

मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार. तो शेवाळ मारतो, खोटं नाही. पण तांबं माशांच्या कल्ल्यांनाही सोडत नाही. त्यात एवढं शेवाळ एकदम मेलं की ते कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेतं. तळ्यात प्राणवायू पहाटे सगळ्यात कमी असतो, आणि पाण्यात हवा मिसळणारा माझा धबधबा नेमका तेव्हा बंद. म्हणजे औषध त्यानं घातलं आणि गळा मी दाबला. क्लोरिनचं त्याचं म्हणणं साफ खोटं नव्हतं, मी रोज न मुरवलेलं नळाचं पाणी ओतत होतोच. फसवणारा माणूस थोडं खरं मिसळतो, तेवढंच आपल्याला गुंगवायला पुरतं. खरे जिवाणू तीन दिवसांत काच करत नाहीत. ते दगडांवर आणि फिल्टरमध्ये वस्ती करतात, माशांच्या घाणीतला अमोनिया आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. ही वस्ती बसायला महिना-दीड महिना जातो, आणि पंप बराच वेळ बंद राहिला तर ती गुदमरून मरते. पाणी हिरवट असणं आणि पाणी वाईट असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मासे मेल्यावर ही अक्कल आली.

उद्यमनगरात मोटर रिवाइंडिंग करणारा माझा भाचा त्या दिवशी आला. त्यानं काय केलं, तर न्हाणीघरातली 20 लिटरची बादली उचलली.

“मामा, घड्याळ लावा.” धबधब्याच्या वरच्या पाइपाखाली बादली धरली. भरायला 32 सेकंद लागली. तासाला 2,250 लिटर. पंपावर लिहिलेलं 12,000. पंप उचलून नखानं स्टिकर खरवडला तर खाली दुसरा स्टिकर, 5,000 चा. भाचा म्हणाला, 5,000 चा पंप इतकंच देणार, त्यात पंपाचा दोष नाही. डब्यावरचा आकडा पाणी वर न चढवता मिळणारा असतो. जितकं उंच चढवाल तितकं कमी होत जातं, आणि कमाल उंचीला धार शून्यावर येते. म्हणून पंप घेताना त्या उंचीला किती पाणी देतो ते विचारायचं. यूव्ही म्हणून लावलेला दिवा उघडला तर आत निळी एलईडी पट्टी. लग्नाच्या मांडवाला लावतात ती. मला हसू आलं, खोटं कशाला बोलू.

मग तीच बादली पाण्यानं भरून तळ्याच्या उतरत्या कडेवर दगडात बसवली. बादलीतलं पाणी आणि बाहेरचं पाणी एका पातळीला. दोन्हींवर खडूनं खूण. पंप बंद. 24 तासांनी बादलीतलं पाणी 1 सेंटीमीटर उतरलं होतं आणि तळ्यातलं 4. वाफ दोघांची सारखीच होणार, मग वरचे 3 कुठं गेले? जमिनीत. माझ्या तळ्याच्या मापानं रोजचे 265 लिटर. दुसऱ्या दिवशी पंप चालू ठेवून मोजलं तर तळं 6 उतरलं, म्हणजे धबधब्याच्या बाजूलाही गळत होतं. महिनाभर मी ज्याला ऊन म्हणत होतो ते भोक होतं.

दगड उपसले. कड हाताला लागली तेव्हा धागे सुटलेले दिसले. रबराला धागे नसतात. ते ओढलं की ताणतं आणि सोडलं की परत जागेवर येतं. हे ओढल्यावर फाटलं. कोपरा पेटवला तर थेंब थेंब वितळून पडायला लागला. ताडपत्री होती ती, गुऱ्हाळाच्या जळणावर घालतात तसली, आणि खाली ना वाळू ना फेल्टचं जाड कापड, थेट सिमेंटच्या कपच्यांवर अंथरलेली. ताडपत्रीचा मला राग नाही. ताडपत्री म्हणून विकली असती तर मी गुऱ्हाळात नेऊन घातली असती.

फोन आधी ‘गोव्यात आहे’, मग ‘आई ॲडमिट आहे’, मग बंदच. शाहूपुरीतला पत्ता शोधत गेलो तर तिथं झेरॉक्सचं दुकान, आणि मालक म्हणाला, गेल्या दहा वर्षांत असा कोणी इथं नव्हता. चिडून पावती फाडणार होतो, भाच्यानं हात धरला. ती वहीची चिठ्ठी, यूपीआयच्या नोंदी, स्टिकरचे फोटो आणि ताडपत्रीचा तुकडा, एवढ्यावर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल झाली. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगाची फी लागत नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांत जावं लागतं. आधी 1915 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर विचारलं, तिथं मराठीत बोलता येतं. आमच्या तक्रारीची नोटीस ‘पत्त्यावर कोणी नाही’ म्हणून परत आलीय. आता त्या मेव्हण्याच्या खात्याचं नाव धरून खटपट चालू आहे. पैसे मिळतील असं मला वाटत नाही, पण कागद चालू ठेवलाय.

तळं दिवाळीच्या सुट्टीत भाच्यानं आणि मीच परत केलं. खाली वाळू, वर फेल्ट आणि त्यावर शेततळ्याचा 500 मायक्रॉनचा कागद, मार्केट यार्डाकडून स्वतः हातानं ओढून, कडेची जाडी बघून आणला. फिल्टर म्हणजे 200 लिटरचं निळं बॅरल, आत नायलॉनच्या घासण्या आणि खडी. पंपाच्या लाइनला 30 मिलीअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की लाइन तोडणारा स्विच. पाण्यात उतरायचं असतं म्हटल्यावर हे आधीच हवं होतं, आणि त्या गड्यानं उघड्या जॉइंटला नुसती चिकटपट्टी गुंडाळली होती, हेही सांगून ठेवतो. अर्ध्या पाण्यावर कुमुदाची पानं आहेत, डासांसाठी गप्पी सोडलेत. पाणी थोडं हिरवट असतं. राहू दे. वाचलेल्या तिघांतला एक कोई आता वीतभर झालाय आणि पंप चोवीस तास चालतो.

इचलकरंजीच्या त्या शेजाऱ्यांनी आगाऊ रक्कम दिली नव्हती, साडूंनी वेळेत विचारलं. गड्याचा नंबर नवा आहे, नावही नवं सांगितलंय म्हणे, फोटो तेवढा जुना ठेवलाय. तुमच्याकडं तो फोटो आला तर पाण्याकडं बघू नका. त्या लाल झाडाचं नाव काय आणि राधानगरीत ते नक्की कुठं आहे, एवढंच त्याला विचारा.