मालवणची ट्राय डाइव्ह की डायरेक्ट ओपन वॉटर कोर्स?

दिवाळीच्या सुट्ट्या जवळ आल्या की आमच्या ठाण्याच्या सोसायटीत कोणी ना कोणी विचारतंच, मालवणला स्कुबा करतोय, एक ट्राय डाइव्ह तेवढीच करू की सर्टिफिकेटवाला ओपन वॉटर कोर्सच उरकून टाकू? मी दोन्ही केलंय म्हणून सांगते.

ट्राय डाइव्हमध्ये तुम्ही पाण्याखालचे पाहुणे असता. इन्स्ट्रक्टर मागून टँकला धरून तुम्हाला फिरवतो, बीसीडीत (पाण्यात वर-खाली व्हायला हवा भरायचं जॅकेट) हवा भरणं सोडणं सगळं तोच करतो, आपण तोंडाने श्वास घ्यायचा, नाक दाबून कान मोकळे करायचे आणि मासे बघायचे बस. पोहता येत नसलं तरी चालतं. रात्री ठाण्याहून कोकणकन्या पकडली की सकाळी कुडाळ, तिथून मालवण, एका वीकेंडचं काम. घरच्यांसोबत एकदाच बघायचं असेल तर हेच करा, कोर्सवर पैसे घालवू नका.

पण वर आल्या आल्या "परत जायचंय" असं वाटलं ना, तर दुसरी तिसरी ट्राय डाइव्ह करत बसू नका प्लीज. ओपन वॉटरला तीन-चार दिवस जातात, खर्च कित्येक पट, पण तिथे पाण्याखाली मास्क काढून परत घालायला लावतात, तोंडातला रेग्युलेटर (टँकमधली हवा ज्यातून घेतो तो) सोडून शोधायला लावतात, हवा संपली तर बडीकडून, म्हणजे सोबतच्या डायव्हरकडून, कशी घ्यायची ते घोटून घेतात. श्वास कधीच रोखायचा नाही हे तिथे खरं कळतं, कारण १० मीटरवर प्रेशर दुप्पट असतं, वर येताना फुप्फुसातली हवा फुगते. समुद्रात ४ डाइव्ह झाल्या की १८ मीटरपर्यंत बडीसोबत जायची मुभा मिळते. सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थांपैकी पॅडी की एसएसआय ह्यात डोकं घालू नका, दोन्ही सगळीकडे चालतात, त्यापेक्षा एका इन्स्ट्रक्टरकडे किती जण आहेत ते विचारा, चारच्या वर असतील तर मी तरी दुसरीकडे जाईन.

जागेचं म्हणाल तर अंदमानचं पाणी खूपच स्वच्छ, पण रोज डाइव्ह केल्यावर विमानाआधी निदान १८ तास मोकळे ठेवावे लागतात, म्हणजे एक दिवस जास्तीचा धरा. मालवणहून रेल्वेने परत यायचं असल्याने ती कटकट नाही, मात्र पाऊस संपल्या संपल्या पाणी गढूळ असतं, नोव्हेंबरनंतर जा.

सामानात आधी फक्त मास्क घ्या. मी सेलमध्ये ऑनलाइन मागवला आणि पहिल्याच दिवशी नाकाजवळून सारखं पाणी आत, डोळे चुरचुरायला लागले, अर्धा वेळ तो रिकामा करण्यातच गेला. दुकानात जाऊन पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवा, केस बाजूला करा, नाकाने श्वास आत ओढा आणि हात सोडा, पडला तर तो आपला नाही. मिशी असेल तर वरच्या ओठापाशी जास्तच नीट बघा. चष्मा असेल तर नंबरच्या काचांचे मास्क मिळतात. नवीन मास्कच्या काचा आतून साध्या पांढऱ्या टूथपेस्टने दोन-तीनदा घासा नाहीतर वाफ धरते. फिन्स (पायात घालायचे पंख) नंतर, त्यानंतर डाइव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ दाखवणारं मनगटावरचं यंत्र), आणि रेग्युलेटर-बीसीडी भाड्यानेच, वर्षातून दोनदा डाइव्ह करणाऱ्याला त्याची सर्व्हिसिंग परवडत नाही.

दमा, हार्ट किंवा कानाचं काही असेल तर दोन्हीसाठी आधी डॉक्टरांना विचारा. सर्दी असेल तर त्या दिवशी पाण्यात उतरूच नका, कान मोकळे होत नाहीत आणि पडद्याला इजा होते. कोर्सला न थांबता २०० मीटर पोहायचं आणि १० मिनिटं तरंगायचं असतं, वेळेचं बंधन नाही, पण महापालिकेच्या तलावावर महिनाभर आधी जायला लागा.