खाँसाहेबांचा आवाज : आजोबांचा की नातवाचा?

येत्या डिसेंबर २०२७ मध्ये ‘कट्यार काळजात घुसली’ या नाटकाला ६० वर्षे होतील. मंगेशीत जन्मलेल्या जितेंद्र अभिषेकींनी बांधलेली त्यातील पदे रत्नागिरी-सावंतवाडीच्या नव्या गायकाने तेव्हा गायची ठरवली, तर आधार कोणता घ्यावा, नाटकात खाँसाहेब या गायकाची भूमिका करणाऱ्या वसंतराव देशपांडे यांच्या मूळ गायनाचा की २०१५ च्या चित्रपटात त्यांचेच नातू राहुल देशपांडे यांनी खाँसाहेबांना दिलेल्या आवाजाचा? चित्रपटातील गायन स्वच्छ ध्वनिमुद्रित आणि बांधेसूद आहे. वसंतरावांच्या गाण्यात मात्र तान कोठून उसळेल याचा अंदाज लागत नाही, आणि खाँसाहेबांची ईर्ष्या अभिनयाआधी गळ्यातूनच ऐकू येते. नकलेने ते साधणार नाही. माझी पसंती निःसंशय मूळ गायनाला आहे, तरी चाल पक्की करण्यासाठी आधी नातवाचे गाणे ऐकावे.