प्राँगहॉर्नसाठी ६.५ क्रीडमूर: दोन हंगाम, दोन प्रकारच्या गोळ्या

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यापासून मी ६.५ क्रीडमूर या काडतुसाची रायफल वापरते आहे. त्यात प्राँगहॉर्न या हरणासारख्या जनावराच्या शिकारीचे दोन हंगाम झाले, पहिला शिशाच्या गोळीवर आणि दुसरा तांब्याच्या. नवऱ्याकडे याच काळात .२४३ विंचेस्टर होती, त्यामुळे दोन्ही काडतुसं एकाच माळावर, एकाच वाऱ्यात बघायला मिळाली. इथे कोलोरॅडोत ओळखीच्या कुणी शिकारीचा परवाना काढायचं ठरवलं की पहिला प्रश्न येतो, ‘काडतूस कुठलं घेऊ?’ माझ्या मते हा प्रश्न तिसऱ्या नंबरचा आहे. आधी गोळी ठरवा, मग वाऱ्यात आपण किती अंतरापर्यंत खात्रीने मारू शकतो ते ठरवा. त्यानंतर काडतूस जवळजवळ आपोआप ठरतं.

आधी जनावराबद्दल. इकडे सगळे याला अँटिलोप म्हणतात, पण प्राँगहॉर्न हे खरं अँटिलोप नव्हे. त्याचं कूळच वेगळं आहे आणि आज जिवंत असलेल्यांत त्याचे जवळचे नातेवाईक म्हणजे जिराफ आणि ओकापी. नर साधारण पन्नास-साठ किलोचा, मादी त्याहून हलकी. उत्तर अमेरिकेत याच्याइतकं वेगाने पळणारं जमिनीवरचं जनावर नाही. डोळे मोठे, नजर फार लांबची. ईशान्य कोलोरॅडोतल्या पॉनी ग्रासलँडच्या उघड्या माळावर त्याने तुम्हाला बघण्याआधी तुम्ही त्याला बघितलंत असं क्वचितच होतं. म्हणून बार लांबून काढावा लागतो. पण जनावर काटक असलं तरी अंगाने दणकट नाही. छाती अरुंद आहे आणि हाडं एल्क या मोठ्या हरणासारखी जाड नाहीत. काडतूस आणि गोळी निवडताना या दोनच गोष्टी धरून चालायचं: अंतर लांब, अंग लहान.

माझं बालपण नगर जिल्ह्यात गेलं, रेहेकुरीचे काळवीट बघत. तिथून आलेल्या माणसाला इथल्या शिकारीबद्दल प्रश्न पडणारच. भारतात १९७२ च्या कायद्याने शिकार बंद आहे, काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे, आणि ती बंदी मला मनापासून पटते. इथली व्यवस्था वेगळी आहे. कुठल्या भागात किती जनावरं मारायची हे राज्याचं वन्यजीव खातं दरवर्षी ठरवतं आणि टॅग, म्हणजे जनावर मारायचा परवाना, सोडतीने मिळतो. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार रायफली आणि काडतुसांवर ११ टक्के केंद्रीय कर लागतो आणि तो पैसा वन्यजीवांच्या कामाला जातो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्राँगहॉर्न संपत आले होते, आज ते लाखांत आहेत. हे माहीत असल्यामुळेच मी यात पडले.

कायदा काडतुसाबद्दलही बोलतो. कोलोरॅडोत प्राँगहॉर्नसाठी गोळीचा व्यास किमान .२४ इंच, वजन किमान ७० ग्रेन (साधारण साडेचार ग्रॅम), गोळी फुलणारीच, म्हणजे लागल्यावर पुढून उमलून रुंद होणारी हवी, आणि १०० यार्डांवर तिच्यात १,००० फूट-पौंड ऊर्जा उरली पाहिजे. म्हणजे .२२३ इथे बाद. .२४३ ही खालची पायरी. व्हिसावर असलेल्यांनी आणखी एक गोष्ट बघायची. नॉन-इमिग्रंट व्हिसावर बंदूक किंवा काडतूस बाळगायला केंद्रीय कायद्याने मनाई आहे, आणि वैध शिकार परवाना हा त्यातला एक अपवाद आहे. परवाना हातात येण्याआधी दुकानात जाऊ नका.

आता काडतुसं. .२४३ विंचेस्टर १९५५ ची, .३०८ विंचेस्टर या काडतुसाचं तोंड आवळून केलेली. ६.५ क्रीडमूर हॉर्नडी कंपनीने २००७ साली आणली, आणि ती मुळात लांब पल्ल्याच्या नेमबाजीसाठी होती. घेण्याआधी मी आकडे मांडून बसले. २०० यार्डांवर नेम जुळवला तर ३०० यार्डांवर गोळी किती खाली येते? ६.५ क्रीडमूरची १४० ग्रेनच्या आसपासची गोळी साधारण आठ इंच. .२४३ ची १०० ग्रेनची साडेसात. .२७० विंचेस्टरची १३० ग्रेनची साडेसहा-सात. म्हणजे दुकानात ज्या ‘सपाट’ मार्गाबद्दल तास-तास बोललं जातं, तो फरक ३०० यार्डांवर दीड इंचाच्या आत मावतो. अंतर मोजायचं यंत्र गळ्यात असताना या दीड इंचाला काहीही अर्थ नाही.

वाऱ्याचं मात्र तसं नाही. आडवा वारा ताशी १० मैलांचा असेल तर ३०० यार्डांवर ६.५ ची लांब गोळी सुमारे पाच इंच सरकते आणि .२४३ ची नेहमीची १०० ग्रेनची गोळी सात. पॉनीवर १० मैलांचा वारा म्हणजे शांत दिवस. २० मैलांचा असेल तर हेच आकडे दहा आणि चौदा होतात. प्राँगहॉर्नच्या फुप्फुसांचा पट्टा आठ-नऊ इंचांचा. दोन्ही काडतुसं त्या पट्ट्याच्या बाहेर जातात! वाऱ्याचा अंदाज पाच मैलांनी चुकला तरी जनावर जखमी होऊन पळू शकतं. ६.५ ने मला यात थोडी जास्त सूट दिली हे खरं, रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, वाऱ्याच्या दिवशी ती स्पष्ट दिसते. पण माळावर मी ठरवलं आहे की वारा झोंबायला लागला की २०० च्या आत जायचं, नाहीतर बार काढायचाच नाही. गुडघ्यांत निवडुंगाचे काटे घेऊन रांगत जाणं कुठल्याही काडतुसापेक्षा जास्त कामाचं आहे.

धक्क्याबद्दल बायका मला हमखास विचारतात. .२४३ चा धक्का सगळ्यांत हलका, ६.५ चा त्याहून थोडा जास्त, .२७० चा चांगलाच जाणवतो. साडेसात-आठ पौंडांच्या रायफलीत ६.५ ने दुपारभर सराव केला तरी माझा खांदा दुखत नाही. त्यामुळे सराव होतो, आणि चाप ओढताना डोळे मिटत नाहीत. हा गुण मला फार मोठा वाटतो.

आता मुख्य मुद्दा, गोळी. पहिल्या हंगामात मी पातळ आवरणाची, प्लास्टिकच्या टोकाची शिशाची गोळी वापरली. रेंजवर तिचा गट (एकाच नेमाने मारलेल्या गोळ्यांची भोकं किती जवळ पडतात ते) सुंदर, १०० यार्डांवर इंचाच्या आत. माळावर दोनशेच्या थोडं पुढे, खांद्यामागे लागली तेव्हा मादी काही पावलं पळून कोसळली. याहून चांगलं मरण मी त्या जनावराला देऊ शकले नसते. त्याच पेटीतली गोळी नवऱ्याने माझ्या रायफलीतून एका नरावर शंभर यार्डांच्या आत, तिरप्या कोनातून मारली. तोही जागीच पडला, पण कातडं सोललं तेव्हा पुढचा अख्खा खांदा काळानिळा होता. दोन-तीन किलो मटण टाकून द्यावं लागलं. आम्हा दोघांनाही ते फार लागलं.

असं का होतं? अशी गोळी लांब अंतरावर, वेग उतरल्यावरही फुलावी म्हणून मऊ केलेली असते. जवळून लागते तेव्हा तिचा वेग अडीच हजार फूट प्रति सेकंदाच्या वर असतो आणि ती हाडावर फुटून विखुरते. उलट फार कडक गोळी अरुंद छातीतून न फुलताच पार होऊ शकते. लवकर फुलायचं आणि तरी एकसंध राहायचं, ही ओढाताण जुनी आहे. जॉन नॉस्लरने १९४८ मध्ये पार्टिशन गोळी विकायला काढली, ती याच अडचणीतून. गोळीच्या मधोमध धातूचा पडदा, पुढचा भाग फुलतो, मागचा आत शिरत राहतो. नवऱ्याच्या .२४३ मध्ये हीच १०० ग्रेनची पार्टिशन आहे आणि तिच्याबद्दल आमची एकही तक्रार नाही. जवळून मारा, लांबून मारा, ती सारखीच वागते. गट सव्वा इंचाचा येतो, आणि प्राँगहॉर्नला तेवढा पुरतो.

यंदा मी पूर्ण तांब्याची १२० ग्रेनची गोळी घेतली. वजन कमी म्हणून वेग जास्त, नळीच्या तोंडाशी २,९०० फूट प्रति सेकंदाच्या आसपास. तांब्याला फुलायला वेग लागतो. तो फार उतरला की गोळी नीट उघडत नाही, म्हणून हलकी आणि वेगवान गोळी घेणं योग्य. ३०० यार्डांपर्यंत वेग भरपूर उरतो आणि त्यापुढे मी मारत नाही. यंदाची मादी दीडशे यार्डांवर होती. गोळी आरपार गेली, ती शिशाच्या वेळेपेक्षा थोडी जास्त पळाली, पण रक्ताचा माग स्पष्ट होता आणि ती आमच्या नजरेसमोरच पडली. खराब झालेलं मांस मूठभर.

तांब्याचं दुसरं कारण घरातलं आहे. शिशाची गोळी फुटते तेव्हा तिचे डोळ्यांना न दिसणारे कण जखमेपासून बरेच लांब मांसात जातात, एक्स-रेमध्ये ते ठिपक्यांसारखे दिसतात. २००८ मध्ये नॉर्थ डकोटात गरजूंसाठी दान आलेलं हरणाचं मांस याच कारणाने टाकून द्यायला सांगितलं गेलं. कॅलिफोर्नियात तर १ जुलै २०१९ पासून शिशाच्या गोळीने शिकार करायलाच बंदी आहे, तिथे काँडॉर गिधाडं शिशाने मरत होती. आमच्या घरी निम्म्या मांसाचा खिमा होतो आणि तो मुलं खातात. हे कळल्यावर शिशाच्या पेटीकडे माझा हात जात नाही.

(मांसाला सेज या माळावरच्या झुडपाचा उग्र वास येतो असं ऐकलं असेल. ऑक्टोबरची दुपार इथे गरम असते. जनावर पडल्या पडल्या आतडी काढा, कातडं सोला, बर्फात ठेवा. आमच्याकडे वास आलेला नाही. चरबी जवळजवळ नसते, त्यामुळे सुकं करताना तेल सढळ हाताने घालावं लागतं.)

तांब्याच्या उण्या बाजूही आहेत. माझ्या नळीत तिचा गट दीड इंचाचा येतो, शिशाच्या गोळीइतका घट्ट नाही. वीसची पेटी बरीच महाग पडते. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून त्याच वजनाची गोळी लांब होते आणि तिला नळीत जास्त पीळ (गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचांचा) लागतो. क्रीडमूरमध्ये आठ इंचांत एक पीळ असतो, म्हणून अडचण येत नाही. .२४३ च्या बऱ्याच रायफलींत दहा इंचांत एक असतो. तिथे ८०-८५ ग्रेनच्या वर तांबं घेण्याआधी पेटीवरची सूचना वाचा आणि एकच पेटी आणून बघा.

शेजारच्या रँचवरचे एक आजोबा कित्येक वर्षं .२५-०६ रेमिंग्टनने प्राँगहॉर्न मारतात आणि त्यांना दुसरं काही नको आहे. त्यांचं बरोबर आहे. घरात .२५-०६ किंवा .२७० आधीच असेल तर नवी रायफल घेऊ नका, ते पैसे चांगल्या गोळीवर आणि सरावावर घाला. पहिलीच रायफल घेत असाल, पुढे कधी एल्कचा टॅगही भरायचा असेल, तर ६.५ क्रीडमूर घ्या. फक्त प्राँगहॉर्न आणि हरीण मारायचं असेल, घरात कुणी लहान चणीचं शिकत असेल, तर .२४३ आणि पार्टिशन. नेम जुळला की त्याच लॉटच्या दोन-तीन पेट्या लगेच घेऊन ठेवा, हंगामाच्या तोंडावर तीच गोळी मिळेलच असं नाही. एप्रिलच्या सोडतीसाठी आम्ही दोघं पुन्हा अर्ज भरणार आहोत. माझ्या रायफलीत तांबंच राहील, आणि .२४३ मध्ये ८० ग्रेनचं तांबं कसं चालतं ते उन्हाळ्यात रेंजवर बघायचं आहे.