म्हाताऱ्या माणसांसाठी सेन्सर लाइट घेताय? नागपूरच्या मे महिन्यासकट अनुभव

फीचर्स सगळ्यांना माहीतच आहेत, त्यावर वेळ घालवत नाही. माणूस हलला की आपोआप लागणारा हा चार्जिंगचा लाइट दिवाळीत घेतला, बाबांसाठी, ते हिंगणा रोडकडच्या एका वृद्धाश्रमात राहतात. तिथे कटकट अशी की शेजारच्या पलंगावरच्या काकांचं डायपर बदलायला मावशी रात्री दोनला येणार अन् खाट्कन ट्यूबलाइट लावणार, बाबांची झोप गेली ती गेलीच, मग दिवसभर खुर्चीत पेंगायचं अन् रात्री पुन्हा टक्क जागे. झोपेच्या गोळीला डॉक्टर साफ नाही म्हणाले, गुंगीत बाथरूमला जाताना पडले तर खुब्याचं हाड जायचं.

दोन्ही पलंगांखाली एकेक चिकटवला. उजेड जमिनीवर पडतो, तोंडावर नाही, मावशींचं काम तेवढ्यात होतं. पिवळाच घ्या, पांढऱ्यात निळा प्रकाश जास्त असतो, त्याने झोप आणणारं मेलाटोनिन हार्मोन दबतं. तेव्हा पाच स्टार दिले होते.

मग आला मे. रात्री लाइन गेली, कूलर बंद, बाबा उठले अन् हा पठ्ठ्या लागलाच नाही! चार्जिंग फुल. कस्टमर केअरवाली म्हणे रिसेट करा, मग म्हणे व्हिडिओ पाठवा, आता अंधारात न लागलेल्या लाइटचा व्हिडिओ काय काढू बाप्पा? तोही पाठवला, तर ‘प्रॉडक्ट नॉर्मल’ म्हणून तक्रार बंद. शेवटी सीताबर्डीतल्या एका रिपेअरवाल्या भाऊने सांगितलं की हा सेन्सर अंगाची गरमी अन् आजूबाजूची गरमी यातला फरक पकडतो, स्लॅब तापून खोलीच अंगाइतकी गरम झाली तर त्याला माणूस दिसणार कुठून. म्हणजे लाइन गेल्यावर, नेमकी गरज असते तेव्हाच आंधळा! डब्यावर एक ओळ छापायला काय जात होतं, ४५ डिग्रीच्या गावातही विकताच ना? एक स्टार केला.

पावसाळा लागला तसा परत नीट चालतोय, म्हणून आता तीन. अन् खरं सांगायचं तर सगळं श्रेय याचं नाहीच. सकाळी कोवळ्या उन्हात व्हरांड्यात बसवतात, संध्याकाळचा दुसरा चहा बंद केला, लघवीची गोळी डॉक्टरांनी रात्रीची सकाळी केली, त्याने उठणंच कमी झालं. याला एक रुपया लागला नाही, अन् यांचा एक लाइट ६४९ चा.

सेलमध्ये ३९९ ला येतो, तेव्हाच घ्या. मे महिन्यात बटण सेन्सरवर न ठेवता सरळ ‘ऑन’वर ठेवा, मात्र एका रात्रीत चार्जिंग संपतं, तेवढं मावशींना सांगून ठेवा.