युरोपियन स्कूल, ब्रुसेल्स: सात महिन्यांनंतर

परवा संध्याकाळी बस पुन्हा बंद पडली, तीही रिंगरोडवर. पाचला उतरणारी लेक सव्वासहाला उतरली. बसवाल्यांचा फोन 40 मिनिटं नुसता वाजत होता. त्या संतापातच लिहायला बसले आहे.

नवरा इटालियन, युरोपियन आयोगात नोकरीला, म्हणून लेक श्रेणी एकमध्ये, म्हणजे युरोपियन युनियनच्या कर्मचाऱ्यांच्या मुलांमध्ये, फी नाही. प्राथमिक तिसरी, इटालियन विभाग (म्हणजे शिकवणं इटालियनमधून), दुसरी भाषा फ्रेंच. ब्रुसेल्समध्ये या शाळा चार, पण घराजवळच्या शाळेत जागाच नव्हती. मिळाली ती शहराच्या दुसऱ्या टोकाला. सकाळी 7:10 ला स्टॉपवर हजर, मग सव्वा तास बस. आठ वर्षांची पोर रोज अडीच तास बसमध्ये! डिसेंबरात जाताना अंधार आणि परत येईपर्यंत दिवेलागण. बसमध्ये खायला मनाई, त्यामुळे परतीसाठी दिलेली तूप-साखर पोळी डब्यात तशीच घरी येते.

शिकवण्याबद्दलचं माझं मत मात्र साफ बदललं. आधी वाटायचं, भाषांच्या या भाऊगर्दीत पोरीला एकही धड येणार नाही. पण 1953 मध्ये युरोपियन कोळसा-पोलाद समुदायाच्या (आजच्या युनियनची सुरुवात तिथूनच) कर्मचाऱ्यांनी लक्झेंबर्गला पहिली शाळा काढली, तेव्हापासून इथे आधी मातृभाषेचा पाया. इतिहास-भूगोल दुसऱ्या भाषेतून सुरू होतो तो थेट माध्यमिक तिसरीत. 'युरोपियन तासा'ला सगळ्या विभागांची मुलं एकत्र बसतात. तिच्या गटातला एक मुलगा क्रोएशियन. त्याच्या भाषेचा विभाग आमच्या शाळेत नाही, तो इंग्रजी विभागात बसतो. तरी क्रोएशियनच्या तासाला त्याच्यासाठी आणि आणखी दोघांसाठी वेगळ्या बाई येतात. तिघांसाठी एक शिक्षिका! हे ऐकून मला खरंच भरून आलं.

मराठी युरोपियन युनियनची अधिकृत भाषा नाही, तिला हा तास मिळणार नाही, हे मान्य. ती मी शिकवायची. रोज संध्याकाळी अर्धा तास ठरवला होता, तो बसने खाल्ला. पोर घरात शिरते तीच पेंगत. बुधवारी शाळा अर्धा दिवस, तेवढी एक दुपार हाती लागते. बाराखडीची वही नोव्हेंबरपासून 'झ'वर अडली आहे.

नवरा म्हणाला, शाळा बदलू या का? अजिबात नाही. घर बदलायचं, शाळेजवळ. तिकडे भाडी जास्त आहेत, आणि जास्तीचं भाडं भरणं माझ्या अगदी जिवावर येतं. पण रविवारी दोन घरं बघायला जातोय.