फ्रँक झॅपाची हळवी बाजू: सुरुवात कोणत्या रेकॉर्डपासून करावी?

अमेरिकी रॉक गिटारवादक-संगीतकार फ्रँक झॅपा म्हटलं की अचकटविचकट शब्द, वाकडे ताल आणि अमेरिकी समाजाची खिल्ली एवढंच बहुतेकांना आठवतं. त्यामुळे जे दूर राहिले, त्यांनी त्याचं निव्वळ वाद्यसंगीत जरूर ऐकावं. इतकी गोड चाल बांधणारे रॉकमध्ये थोडेच झाले. नव्याने ऐकणाऱ्यापुढे माझ्या मते तीन पर्याय आहेत.

'हॉट रॅट्स' (१९६९) हा सहसा सुचवला जाणारा. 'पीचेस एन रेगालिया' जेमतेम पावणेचार मिनिटांची, पण तिच्यात चालीमागून चाल येत राहते. इयन अंडरवूडने कीबोर्ड आणि फुंकवाद्यं एकट्याने वाजवून १६ ट्रॅकच्या टेपवर थर चढवले आहेत, त्यामुळे मोजकी माणसं असूनही मोठा वाद्यवृंद वाटतो. मात्र सगळी रेकॉर्ड मऊ नाही. 'विली द पिंप'मध्ये गायक कॅप्टन बीफहार्टचा खरखरीत आवाज आहे, तर 'गम्बो व्हेरिएशन्स' म्हणजे लांबलचक, रांगडी धुमश्चक्री. हळुवार काही हवं असेल तर 'पीचेस'नंतर थेट 'लिट्ल अम्ब्रेलाज' लावा.

'द ग्रँड वाझू' (१९७२) जॅझच्या कानाला जवळची. डिसेंबर १९७१ मध्ये लंडनच्या रेनबो थिएटरात एका प्रेक्षकाने झॅपाला रंगमंचावरून खाली ढकललं. त्या जबर दुखापतीतून सावरताना त्याने हे मोठ्या ताफ्याचं संगीत रचलं. शेवटची 'ब्लेस्ड रिलीफ' तीन मात्रांत संथ झुलते. ट्रम्पेट आणि जॉर्ज ड्यूकचा इलेक्ट्रिक पियानो यांना कसलीच घाई नाही.

माझा जीव मात्र 'वॉटरमेलन इन ईस्टर हे'वर आहे. ही 'जोज गॅराज' (१९७९) या गाण्यांतून कथा सांगणाऱ्या रेकॉर्डच्या तिसऱ्या अंकात, अगदी शेवटाकडे येते. कथेत संगीतावर बंदी आली आहे आणि तुरुंगातून सुटलेला नायक, 'जो' नावाचा तरुण, मनातल्या मनात आपला अखेरचा गिटार-सोलो वाजवतो. रेकॉर्डवरचे बहुतेक सोलो झॅपाने मैफलींच्या जुन्या टेपांवरून उचलून बसवले. हा मात्र स्टुडिओत मुद्दाम वाजवलेला. चक्र नऊ मात्रांचं, पण मोजायची इच्छाच होत नाही. गिटार एकेका सुरावर रेंगाळते, तीच चाल पुन्हा घेते आणि दर वेळी थोडी अधिक व्याकूळ होते. विलंबित ख्यालाची सवय असलेल्याला ही नऊ मिनिटं लांब वाटणार नाहीत.

अडचण एकच: त्या कथेतली बरीच गाणी घरात सगळ्यांसमोर लावण्याजोगी नाहीत, आणि या तुकड्याआधीही कुजबुजतं निवेदन आहे. म्हणून पहिल्यांदा हा एकच ट्रॅक शोधून ऐका. आवडला तर १९७६ ची, ओसाकाच्या मैफलीत ध्वनिमुद्रित झालेली 'ब्लॅक नॅपकिन्स' घ्या. पूर्ण रेकॉर्डच हवी असेल तर मी 'हॉट रॅट्स'आधी 'ग्रँड वाझू' सुचवेन.